तांबे, जस्त आणि समुद्र

समुद्राचे पाणी आणि धातू यांचा दावा फार जुना आहे. लोखंडाचा खिळा पावसात पडला तर त्यावर गंज चढतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु तोच खिळा खाऱ्या पाण्यात तांब्याच्या पत्र्याला टेकून राहिला, तर तो एरवीपेक्षा कितीतरी वेगाने खंगत जातो आणि तांबे मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहते. हे असे का घडते, याचा उलगडा व्हावयास युरोपातील नाविकांना व शास्त्रज्ञांना सुमारे दीडशे वर्षे लागली. त्या अवधीत जहाजे बुडाली, माणसे दगावली, आणि एका थोर रसायनशास्त्रज्ञाच्या कीर्तीलाही बट्टा लागला.

आज लहान मोटरबोटींच्या मागच्या अंगाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक पाय पाण्यात सोडलेला असतो. इंजिन बोटीच्या पोटात असते आणि पंखा या पायाच्या टोकाशी फिरतो. त्याला आउटड्राइव्ह असे म्हणतात. मोसम संपल्यावर बोट बाहेर काढून कारागीर हा पाय खरवडतो, घासतो, रंगवितो. त्यावर जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा बसवितो. आणि त्या तुकड्याला मात्र रंगाचा हात लावीत नाही. हा तुकडा उघडा का ठेवावयाचा, या प्रश्नाचे उत्तर शिडाच्या जहाजांच्या काळात दडलेले आहे.

लाकडी जहाजाला पाण्याखाली दोन शत्रू असत. पहिला जहाजकिडा. नावाने किडा असला तरी तो वस्तुतः शिंपल्यांच्या वर्गातला प्राणी. तो फळीत शिरून आतल्या आत बोगदे पोखरतो. वरून फळी धड दिसते आणि आतून तिची चाळण झालेली असते. दुसरा शत्रू म्हणजे तळाला चिकटून वाढणारे शेवाळ, शिंपले आणि बार्नेकल नावाचे कवचधारी जीव. त्यांच्यामुळे जहाजाची चाल मंदावते. अरबी समुद्रावरच्या नावाड्यांनी यावर आपले उपाय शोधले होते. भरतीच्या वेळी गलबत किनाऱ्यावर घ्यावयाचे, ओहोटीत ते एका कुशीवर कलले की तळ खरवडावयाचा आणि त्यावर चुना व चरबी किंवा तेल यांचा लेप द्यावयाचा. पाण्यावरच्या फळ्यांना मुशीच्या यकृताचे तेल चोपडावयाचे. हे काम वारंवार करावे लागे. पण ते किनाऱ्यावरच होई आणि त्याला परका माल लागत नसे.

युरोपातील आरमारांना मात्र महिनोन् महिने उष्ण समुद्रात राहणारी जहाजे हवी होती. इंग्लंडमध्ये १६७० च्या सुमारास जहाजांच्या तळाला शिशाचे पत्रे ठोकून पाहण्यात आले. किडा थांबला, परंतु सुकाणू ज्या लोखंडी बिजागऱ्यांवर तोलले जाई, त्या झपाट्याने खंगू लागल्या. सुकाणू निखळले की जहाज वाऱ्याच्या स्वाधीन होते. शिशाने आपल्या शेजारच्या लोखंडाचे काय केले हे कोणाला समजले नाही, पण शिशाचा उपाय मागे पडला.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी ब्रिटिश नौदलाने तांब्याचा प्रयोग केला. १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या बत्तीस तोफांच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्यांनी मढवून ते वेस्ट इंडीजच्या समुद्रात धाडण्यात आले. १७६३ मध्ये त्याची तपासणी झाली. जहाजकिड्याचा स्पर्श झालेला नव्हता आणि तळही स्वच्छ होता. परंतु अनेक ठिकाणी पत्रे सुटून गेले होते, कारण ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले होते ते खिळे कुजल्यासारखे झाले होते. त्यातही तपासनिसांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काही खिळे चांगले शाबूत होते. नीट पाहता असे दिसले की तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचे कपटे या खिळ्यांच्या डोक्याखाली चुकून राहून गेले होते. जेथे कागद होता तेथे लोखंड वाचले. जेथे तांबे आणि लोखंड यांची गाठ पडली तेथे लोखंड गेले. पाण्याखाली या दोन धातूंचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, असा स्पष्ट निष्कर्ष तेव्हाच काढण्यात आला. कारण अज्ञात होते, पण नियम हाती आला होता. दोन धातू आणि त्यांच्यामध्ये एखादा पडदा, ही आजच्या रंगकामाचीही मूळ कल्पना होय.

परंतु हाती आलेला नियम युद्धाच्या घाईत विसरला जातो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स आणि स्पेन उतरल्यावर ब्रिटिश आरमाराची ओढाताण होऊ लागली. नौदलाच्या बांधणीखात्याचे प्रमुख चार्ल्स मिडलटन यांनी १७७९ पासून सगळ्या आरमारालाच तांबे चढविण्याचा धडाका लावला. जहाजे वेगवान झाली आणि गोदीत येण्याच्या खेपाही कमी झाल्या. जानेवारी १७८० मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या भूशिराजवळ सेनापती रॉडनी याने पळणारी स्पॅनिश जहाजे रात्रीच्या अंधारात गाठली, त्याचे श्रेय त्याने तांब्याच्या तळांना दिले. मात्र जहाजांच्या सांगाड्याला एकत्र धरून ठेवणारे जाडजूड बोल्ट अजून लोखंडाचेच होते. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये जाड कागद व लेप घालण्याची व्यवस्था होती. तथापि लाकूड हलते, फळ्या कुरकुरतात, आणि कोठेतरी पाणी वाट काढतेच. १७८२ च्या सप्टेंबर महिन्यात अटलांटिकमधील एका प्रचंड वादळात आरमाराची अनेक मोठी जहाजे शेकडो माणसांसह बुडाली. वादळ हे कारण उघड होते. पण खंगलेल्या बोल्टांमुळे ती वादळाला तोंड देऊ शकली नसावीत, असा संशय बळावला. तांबेच सोडून द्यावे की काय, इथपर्यंत विचार गेला. अखेर १७८३ च्या सुमारास तांब्याचे बोल्ट पुरेसे कठीण बनविण्याची युक्ती साधली आणि पुढच्या काही वर्षांत पाण्याखालचे लोखंडी बोल्ट काढून त्यांच्या जागी तांब्याचे घालण्यात आले. प्रश्न सुटला खरा, पण तो समजला मात्र नव्हता.

याच सुमारास मुंबईचा गोदीवाडा जगातील नामांकित गोद्यांत गणला जाऊ लागला होता. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे जहाजबांधणीचे काम केले. मुंबईची पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली. येथील जहाजे मलबारी सागाची असत. ओक लाकडातील आम्लांश लोखंडाला खातो. उलट सागातील तेल त्याला बरेचसे सांभाळते. खिळा आणि लाकूड यांचेही असे सख्य किंवा वैर असते, आणि मुंबईच्या जहाजांच्या दीर्घायुष्यात सागाच्या या गुणाचा वाटा मोठा आहे. परंतु तळाचे तांबे इंग्लंडहून येई. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर ‘जावा’ नावाचे ब्रिटिश जहाज अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत हरले आणि अमेरिकनांनी ते जाळून टाकले. मुंबईत तयार होत असलेल्या जहाजांसाठी पाठविलेले तांबे त्याच्या पोटात होते, आणि ‘ट्रिंकोमाली’ या नियोजित जहाजाचे आराखडेही त्याच्याबरोबर गेले. याच जहाजावर मुंबईच्या सैन्याचा नियोजित सेनापती टॉमस हिस्लॉप होता. पाच वर्षांनी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला तो हाच. आराखडे पुन्हा मागवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी परंपरेप्रमाणे ‘ट्रिंकोमाली’च्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १८१७ मध्ये ते जहाज पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे.

तांबे आणि लोखंड यांच्या वैराचे रहस्य मात्र गोदीत उलगडले नाही. ते उलगडले प्रयोगशाळेत, तेही बेडकाच्या तंगडीपासून. इटलीत लुइजी गाल्व्हानी याने दोन भिन्न धातूंचा स्पर्श होताच मेलेल्या बेडकाचे पाय आखडतात असे पाहिले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आलेस्सांद्रो व्होल्टा याने दाखवून दिले की शक्ती बेडकात नसून दोन धातूंच्या जोडीत आहे. आणि १८०० मध्ये धातूंच्या चकत्या व खाऱ्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे एकावर एक रचून त्याने विजेचा पहिला घट बनविला. आता मागे वळून पाहिले म्हणजे ‘अलार्म’चा तळ हाच एक अवाढव्य घट होता हे ध्यानात येते. तांब्याचा पत्रा, लोखंडाचा खिळा आणि भोवती खारे पाणी. वीज वाहत होती, आणि तिचे मोल लोखंड आपल्या देहाने चुकवीत होते.

हे ओळखणारा पुरुष म्हणजे हम्फ्री डेव्ही. विजेच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी करणारा, खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा देणारा हा शास्त्रज्ञ १८२० पासून रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. खुद्द तांब्याचे पत्रेही समुद्रात हळूहळू झिजत आणि ते बदलण्याचा खर्च मोठा असे. १८२३ मध्ये नौदलाने यावर उपाय विचारला. डेव्हीने मायकेल फॅरडे याच्या साह्याने प्रयोग केले आणि १८२४ च्या आरंभी उत्तर मांडले. ते उत्तर मोठे सुंदर होते. तांब्यामुळे लोखंड झिजते, याचाच अर्थ लोखंडामुळे तांबे वाचते. तेव्हा जी गोष्ट शाप ठरली होती तिलाच कामाला लावावयाचे. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहानशा खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे राखावयास पुरते, असे त्याला आढळले. हा तुकडा झिजतो, तांबे झिजत नाही. धातूला वाचविण्याकरिता दुसऱ्या धातूने मरावे, ही कल्पना प्रथमच हेतुपुरस्सर अमलात आली.

मार्च १८२४ मध्ये ‘सॅमरांग’ या जहाजावर हा प्रयोग झाला. हे जहाज कोचीनला बांधलेले आणि हिंदुस्थानातच तांब्याने मढविलेले होते. तांब्याच्या ऐंशीव्या हिश्शाइतके लोखंड त्याला जोडण्यात आले आणि ते नोव्हा स्कोशियाची सफर करून परत आले. तांबे वाचले. इतर जहाजांवरही हे संरक्षक तुकडे बसविण्यात आले आणि तेथेही तांबे वाचले. परंतु लवकरच तक्रारी येऊ लागल्या. संरक्षण दिलेल्या जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि बार्नेकल दाटून वाढले होते आणि त्यांची चाल मंदावली होती. १८२५ मध्ये नौदलाने तुकडे काढून टाकण्याची आज्ञा दिली. वृत्तपत्रांतून डेव्हीची थट्टा झाली. तो मनस्वी पुरुष या अपयशाने फार दुखावला. पुढे त्याची प्रकृती ढासळली आणि १८२९ मध्ये जिनीव्हा येथे त्याचा अंत झाला.

डेव्हीचे शास्त्र चुकले नव्हते, ते जरुरीपेक्षा अधिक खरे ठरले होते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे पूर्वी घरोघरच्या गृहिणींना ठाऊक असे. धातूतला तांब्याचा अंश ताकात उतरतो आणि ते बिघडवितो. जहाजाच्या तळाशी नेमके हेच घडत होते. तांबे किंचित किंचित विरघळत असे आणि त्या विषारी अंशामुळे शिंपल्यांच्या व बार्नेकलांच्या पिलांना तळावर बस्तान बसविता येत नसे. डेव्हीने तांब्याचे विरघळणे थांबविले आणि त्याबरोबर त्याचा पहाराही थांबला. जे झिजत नाही ते राखीतही नाही, हे त्या फजितीतून निघालेले सत्य होय. समुद्राला कर द्यावाच लागतो. तो कोणी द्यावयाचा एवढेच माणसाच्या हाती असते.

पुढच्या काळात या सत्याचा उपयोग निरनिराळ्या रीतींनी झाला. १८३२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झ याने सुमारे साठ टक्के तांबे आणि चाळीस टक्के जस्त यांचा स्वस्त मिश्रधातू काढला. तो बेताने झिजे आणि तळही स्वच्छ राखी. १८६९ मधील ‘कटी सार्क’ या विख्यात चहावाहू जहाजाचा तळ याच धातूचा होता. फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ मध्ये लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज घराघरांवर दिसणारा जस्ताचा पत्रा डेव्हीच्याच तत्त्वावर टिकतो: पत्र्याला ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त झिजून उघड्या लोखंडाची पाठराखण करते.

लोखंडी जहाजे आल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला. लोखंडाच्या तळावर तांबे ठोकणे म्हणजे ‘अलार्म’ची चूक शतपटीने करणे. म्हणून तांब्याने रंगाच्या डब्यात प्रवेश केला. आधी गंज अडविणारा थर आणि त्यावर तांब्याच्या संयुगाचे विष मिसळलेला थर, अशी दुहेरी रंगाई रूढ झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याहून जालीम असे कथिलाचे सेंद्रिय संयुग रंगात आले. तळ स्वच्छ राहू लागले, परंतु फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची कवचे विकृत होऊ लागली आणि त्यांची पिले जगेनाशी झाली. १८२५ मध्ये कर चुकवावयास कोणी नव्हते म्हणून योजना फसली होती. येथे तो कर कालवे पिकविणाऱ्या गरीब कुटुंबांवर बसला. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींसाठी या रंगावर निर्बंध घातले, आणि २००१ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००८ मध्ये अमलात आला.

आउटड्राइव्हचा जन्म या इतिहासाच्या शेवटच्या टप्प्यातला. १९५९ मध्ये अमेरिकन अभियंता जिम विन याच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने असे यंत्र न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात मांडले. पाय वर उचलता येतो, वळविता येतो, आणि वजनाने हलका असावा म्हणून तो ॲल्युमिनियमचा असतो. या धातूचे नाव डेव्हीनेच सुचविले होते. तो वेगळा करणे मात्र त्याला साधले नाही. ते डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२५ मध्ये साधले, म्हणजे ज्या वर्षी डेव्हीचे संरक्षक तुकडे काढून टाकण्यात आले त्याच वर्षी. ॲल्युमिनियम हवेत स्वतःभोवती एक अदृश्य कवच धारण करतो आणि त्यामुळे टिकतो; परंतु खाऱ्या पाण्यात हे कवच जागोजाग फुटते. शेजारी पोलादी पंखा किंवा काशाचा भाग असला म्हणजे ॲल्युमिनियम हा जोडीतला दुबळा धातू ठरतो. रंगाखाली फोड येतात, फोड फोडला की पांढरी भुकटी निघते, आणि भुकटीखाली खड्डा सापडतो.

अशा पायाची डागडुजी करणारा कुशल कारागीर नकळत या साऱ्या इतिहासाची उजळणी करीत असतो. प्रथम तो पाय गोड्या पाण्याने धुऊन मिठाचा अंश घालवितो. सुटलेला रंग आणि पांढरी भुकटी निखळ धातू दिसेपर्यंत काढतो; मात्र त्यासाठी पोलादी तारांचा कुंचला वापरीत नाही, कारण त्याचे कण मऊ धातूत रुतून बसले तर प्रत्येक कण हा एक नवा घट होतो. घासलेल्या धातूवरचे कवच पुन्हा जाड होण्यापूर्वीच तो चिकट अस्तर देतो, त्यावर इपॉक्सीचे थर देतो, आणि मग वरचा रंग. हा रंग म्हणजे ‘अलार्म’च्या खिळ्याखालचा तपकिरी कागदच होय. वरच्या रंगात धातुरूप तांबे किंवा तांब्याची सर्वसाधारण संयुगे असता कामा नयेत, हे तो कटाक्षाने पाहतो. ॲल्युमिनियमसाठी वेगळे रंग मिळतात. शेवटी जस्ताचा तुकडा. तो रंगविला तर त्याला झिजता येत नाही, आणि झिजता आले नाही तर तो पायाला वाचवू शकत नाही. तो पायाच्या उघड्या धातूला घट्ट टेकला पाहिजे आणि निम्मा झिजला की बदलला पाहिजे. गोड्या पाण्यात जस्ताऐवजी मॅग्नेशियम लागते. किनाऱ्यावरून वीज घेणाऱ्या बोटी एकाच भूतारेने परस्परांना जोडल्या जातात. मग एका मालकाच्या जस्तावर शेजाऱ्याची बोटही पोसली जाते, आणि ज्याने तुकडा बदलावयाची हयगय केली नाही त्याचाच तुकडा आधी संपतो. यासाठी भूतारेत विजेचा सूक्ष्म प्रवाह अडविणारे एक साधन बसवावे लागते.

भारताला लाभलेला समुद्रकिनारा पाहता हे ज्ञान येथे परके राहणे शक्यच नव्हते. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेत धातूंच्या झिजेचा अभ्यास चालतो, आणि मुंबईजवळ अंबरनाथ येथील नौदलाच्या सामग्री प्रयोगशाळेत जहाजांच्या रंगांचा व संरक्षक धातूंचा. मुंबईच्या गोदीवाड्यात जो प्रश्न एकेकाळी इंग्लंडहून येणाऱ्या तांब्याच्या पत्र्यांवर सोपविलेला होता, त्याचे उत्तर आता येथेच शोधले जाते.

समुद्राला फसविता येते, असे प्रत्येक पिढीला काही काळ वाटले. शिसे लावले तेव्हा सुकाणूने किंमत मोजली. तांबे लावले तेव्हा बोल्टांनी आणि त्यांच्या भरवशावर असलेल्या माणसांनी. कथिलाचे विष लावले तेव्हा कालवांनी. डेव्हीचे मोठेपण असे की ही किंमत कोणी मोजावयाची हे आधी ठरवून ठेवता येते, असे त्याने दाखविले. जस्ताचा तो ओबडधोबड तुकडा स्वस्त असतो, सहज बदलता येतो, आणि त्याच्या झिजण्याने कोणाचे मोठे नुकसान होत नाही. बोट बाहेर काढल्यावर तो खड्डे पडून अर्धा उरलेला दिसला, तर मालकाने हळहळण्याचे कारण नाही. हळहळावयाचे ते तो नव्यासारखा कोरा दिसला तर; कारण मग त्याच्या वाटणीची झीज दुसरे कोणीतरी सोसलेली असते.